पहिली ओटी आईची

“जामखेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर...” एवढं बोलून भोंगा गप्प झाला.

करमाळ्याच्या स्टँडवर मी नुकतीच गाडीतून उतरले होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला अडीच वर्षांची मंजू आणि पुढे सातव्या महिन्याचं पोट. भोंग्यावर बोलणारे माझे वडील. नाना तिथे कंट्रोलर होते. त्यांचा आवाज गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ओळखीचा होता, पण गाड्यांची नावं सोडून ते दुसरं काही बोलल्याचं फारसं कुणाला आठवत नसे. त्यांनी काचेतून मला बघितलं आणि जामखेडची गाडी त्यांच्या तोंडातच अडकली. दोन नंबरच्या फलाटावरची माणसं वर भोंग्याकडे बघत उभी राहिली.

बाहेर येऊन नानांनी पिशवी घेतली. मला बघून आनंद झालाय असं काही त्यांच्या तोंडावर दिसेना.

“तू कशी काय? बारामतीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप दिला होता ना, सध्या येऊ नको म्हणून? पाण्याची टंचाई आहे.”

“मी काय हौदभर पाणी पिते का, नाना?”

त्यांनी बुटांकडे बघितलं. “आईला फार काम सांगू नको,” म्हणाले आणि परत काचेमागे गेले.

मी लहानपणापासून फणकाऱ्याची. लेक एवढ्या उन्हाची पोरीला घेऊन येते आणि बाप टंचाई सांगतो! आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी रीत. म्हणजे मी काही बाळंत व्हायला आले नव्हते. चार दिवस पाय पसरून बसावं, आईच्या हातचं खावं, मंजूला तिच्या अंगावर टाकून झोप काढावी, एवढीच माझी हौस होती. तेवढ्यासाठी सासूबाईंची महिनाभर मनधरणी केली होती.

घरी आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मंजू हात वर करून म्हणाली, “आजी, उचल.”

“माझी कंबर धरलीय गं सोन्या,” आई म्हणाली आणि आत गेली.

मंजू माझ्याकडे वळली. “आई, उचल.”

“मला उचलवत नाही बाळा, आजीकडे जा.”

ती दोन्हीकडे बघून घराच्या मधोमध बसली आणि तिनं भोकाड पसरलं. शेवटी माझी धाकटी बहीण नलू शिवणयंत्रावरून उठली आणि तिनं तिला कडेवर घेतलं. पुढचे आठ दिवस हेच. मंजू आजीच्या मांडीवर चढायला जाई, आई पदर सारखा करून तिला बाजूला बसवी आणि हातात गुळाचा खडा देई. माझ्या डोक्यात तिडीक जात होती. पहिल्या नातीला मांडीवर घ्यायला आजीला जड व्हावं! आई फोडणीच्या वासानं परसात जाऊन उभी राही. दुपारी भिंतीला टेकून पेंगे. खुळी मी! मला स्वतःला तेच सगळं होत होतं, तरी तिच्यात मला ते दिसलं नाही. आपल्या आईला असलं काही होऊ शकतं, हे मुळी डोक्यातच येत नाही.

दिसलं ते मंजूला. घरी रोज ती माझ्या पोटाला कान लावायची. एका दुपारी आई कुशीवर झोपली होती, तर ही तिच्या पोटाला कान लावून बसली आणि ओरडली, “आई, आजीच्या पोटात पण बाळ आहे! मला ढुशी दिली!”

“आजीच्या पोटात भाकरी आहे,” मी हसून म्हणाले.

“नाही, बाळ!”

मला वाटलं, नलूही हसेल. पण तिचं शिवणयंत्र थांबलं होतं आणि ती खाली मान घालून सुईत पुन्हापुन्हा दोरा घालत होती. आई जागी झाली होती. तिनं उठून पदर पोटावरून घेतला, खांद्यावरून घेतला, उरलेला हातात धरून ठेवला.

“आई?”

“दार लोटून घे,” ती म्हणाली.

मी दार लोटलं. “कितवा?”

“पाचवा सरत आला. मला वाटलं, जायची वेळ झाली. चाळिशीला जातंच की बाईचं. मग एक दिवस आतून हलायला लागलं.” ती जमिनीकडे बघून बोलत होती. “तोवर काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.”

“शी, आई! या वयात?” माझा आवाज चिरकला. “जावयाला मी काय तोंड दाखवू? सासूबाईंना काय सांगू? घरात लग्नाची पोरगी, मोठी लेक पोटुशी, आणि तुम्ही दोघं... लाज कशी वाटली नाही?”

“वाटते की,” आई म्हणाली. “रोज वाटते.”

नानांनी स्टँडवर बुटांकडे का बघितलं, ते आता कळलं होतं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मीही त्यांच्याकडे बघू शकले नाही. ताट वाढलं आणि आत जाऊन बसले.

यात खरी मरत होती ती नलू. तिचं स्थळ टेंभुर्णीचं, मुलगा तलाठी, घर खातंपितं. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं आणि अक्षय्य तृतीयेला साखरपुडा ठरत आलेला. हे स्थळ शेजारच्या ठकूकाकूंनी आणलं होतं. मुलाची आई कडक, घरंदाज, सगळ्यात रीतभात बघणारी. मुलीची आईच पोटुशी आहे असं कळलं असतं, तर ती माणसं आमचा उंबरा पुन्हा चढली नसती. म्हणून बेत असा होता, की साखरपुड्यापर्यंत आईनं नऊवारीत सांभाळून न्यायचं आणि साखर तोंडात पडली, की गुपचूप मामाकडे निघून जायचं. लग्न दिवाळीनंतर. मधे मूल जन्माला येईल त्याचं काय, यावर घरात कुणी बोलतच नव्हतं.

अशात ठकूकाकू दारातूनच हात नाचवत आल्या. “अगं गोदे, सिंधू आलीय आणि तू गप्प काय बसलीस? ओटी भर तिची. टेंभुर्णीच्या बाई शुक्रवारी इकडं भाचीकडं यायच्यात, त्यांनाही बोलावू. घर बघतील, वळण बघतील. शकुन होऊन जाईल!”

“दुसऱ्या खेपेला कोण एवढं करतं, काकू?” आई म्हणाली.

“बया! निमित्त गं! त्यांना मी सांगूनसुद्धा आलेय.”

म्हणजे झालंच. ठकूकाकू गेल्या तशी आई मटकन खाली बसली. “सिंधू, मला तुझी ओटी भरता यायची नाही.”

“का?”

“दोन जिवांच्या बाईनं दोन जिवांच्या बाईची ओटी भरू नये. एकीच्या पोटाला बाधतं.”

“असलं काही नसतं, आई.”

“नसेलही. पण भरत नाहीत.”

“आणि नाही भरलीस तर? पहिली ओटी आईची. ठकूकाकू भर बायकांत विचारतील, गोदे का भरत नाहीस? काय सांगशील? कंबर धरलीय?”

नलू शिवायला घेतलेला कपडा हातात पिळत होती. मग एकदम म्हणाली, “आई, एवढं कर. माझ्यासाठी कर.”

आई तिच्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली. “भरते.”

मी मोठी शहाणी, अकरावी शिकलेली. मलाच ती रीत खुळचट वाटत होती आणि मीच तिला भरीस घातलं होतं. तरी गुरुवारी अंघोळ करताना पोरानं बराच वेळ हालचाल केली नाही, तेव्हा मी तांब्या खाली ठेवून पोट चाचपत बसले. मग पाय मारला त्यानं. मी हे कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी ओटी. नलूनं दारात रांगोळी काढली, पाट मांडला. आळीतल्या पंधरावीस बायका आल्या. टेंभुर्णीच्या बाई आल्या. उंच, गोऱ्या, नाकात नथ, बसायच्या आधी सतरंजीवरची घडी सारखी करणाऱ्या. त्यांनी नलूला जवळ बोलावून विचारलं, “पोहे तू केलेस का गं?” नलू हो म्हणाली. “छान मोकळे झालेत.” नलूचा चेहरा असा फुलला, की माझं सगळं धैर्य परत आलं. एवढी पंधरा मिनिटं निभली की सुटलो, असं मला वाटलं.

आईनं ताट उचलून आणलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक. माझ्यासमोर बसली आणि मला हळदकुंकू लावलं. बोट गार होतं. ओंजळीत तांदूळ घेतले, वर नारळ ठेवला. मी पदर पसरला. तिची ओंजळ माझ्या पदरावर आली आणि तिथेच थांबली.

“भर,” मी ओठातल्या ओठात म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती. तांदूळ बोटांच्या फटीतून पाटावर गळायला लागले.

“अगं गोदे, भर की! हात दुखेल,” ठकूकाकू म्हणाल्या. दोघीतिघी हसल्या.

आईनं ओंजळ परत ताटात रिकामी केली. नारळ खणावर ठेवला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, “माझ्या हातून नको. मलाही दिवस गेलेत.”

एकदम सामसूम झाली. स्टँड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या सामसुमीत नानांचा आवाज स्वच्छ घरात आला. “कुर्डुवाडी, बार्शीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. प्रवाशांनी घाई करू नये.”

कोपऱ्यात कुणीतरी पदरात फिसकन हसलं. मग आणखी एक. मग सगळी खोलीच खुसखुसू लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या पाटावर बसून अनुभवलं. आईचे कान लालभडक झाले होते. पण ती उठली नाही. ताट ठकूकाकूंकडे सरकवून म्हणाली, “तुम्ही भरा. पोरीचा पदर रिकामा ठेवू नका.”

ठकूकाकूंना काही सुचत नव्हतं. शेवटी टेंभुर्णीच्या बाई पुढे आल्या. त्यांनी माझी ओटी भरली, अगदी रीतसर, एक खारीकसुद्धा खाली पडू दिली नाही. मग हात पुसून उठल्या. नलू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “चहा नको गं, पित्त होतं,” त्या तिला म्हणाल्या आणि चपला घालताना ठकूकाकूंना म्हणाल्या, “पत्रिका पुन्हा एकदा दाखवून कळवतो.”

पत्रिका पुन्हा दाखवणं म्हणजे काय, ते सगळ्या बायकांना माहीत होतं. नलूनं ट्रे खाली ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. मंजू तेवढी पाटावर सांडलेले तांदूळ वेचून फ्रॉकच्या ओच्यात भरत होती.

“झालं समाधान?” बायका पांगल्यावर मी आईला म्हणाले. “एका नारळासाठी पोरीचं लग्न मोडलंस.”

आई पाटाखालचे तांदूळ झाडत होती.

दोन दिवसांत ही बातमी एसटीनंच बारामतीला पोहोचली. सासूबाईंनी यांना मला आणायला पाठवलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. स्टँडवर नानांनी आम्हाला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि मंजूच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. मी त्यांच्याशी बोलले नाही. सासरी कुणी विचारलं, “आई बऱ्या आहेत ना?” की मी म्हणायची, “बरी आहे,” आणि पुढचा प्रश्न यायच्या आत आत जायची.

मला मुलगी झाली. शैला. ती दोन महिन्यांची होती तेव्हा एक एसटीचा ड्रायव्हर घर शोधत आला आणि टोपी काढून दारात उभा राहिला. “करमाळ्याच्या साहेबांचा निरोप आहे. बाईंना मुलगा झालाय. सोलापूरला दवाखान्यात आहेत. ताप उतरत नाही, अंगावर दूध नाही, वरचं दूध पोराला पचत नाही. साहेब एवढंच म्हणाले, सिंधूला सांग.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “बघतेस काय? जा. उपाशी पोरापुढं लाज कसली?”

शैलाला आणि मंजूला घेऊन मी सोलापूर गाठलं. दवाखान्यात आईनं मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. नलू खाटेच्या पायथ्याशी बसून कापसाच्या बोळ्यानं त्या पोराच्या तोंडात दूध पिळत होती. ते ओघळून मानेवर येत होतं. टेंभुर्णीकरांचा नकार आल्यापासून ती आईशी एक शब्द बोलली नव्हती म्हणे. पण दवाखान्यात रात्रंदिवस तीच होती. तिनं पोर माझ्यापुढे धरलं. मुठीएवढं तोंड, रडायचीही ताकद नाही. मी भिंतीकडे पाठ करून पदराआड घेतलं त्याला. सख्खा भाऊ आणि माझ्या अंगावर! शरमेनं मान वर होईना. दूध मात्र असं आलं, की पदर भिजला. तो गटागटा प्यायला लागला तसा नलूनं बोळा वाटीत टाकला आणि ती ओक्साबोक्शी रडली.

आईचा ताप हळूहळू उतरला. एकदा दोन्ही पोरं झोपली होती, तेव्हा मी तिला विचारलं, “त्या दिवशी भरणार म्हणाली होतीस ना? मग ऐन वेळी काय झालं?”

“तू भर म्हणालीस.”

“हो, मग?”

“तोंडानं भर म्हणालीस आणि एक हात पोटावर आडवा धरलास. असा.” तिनं आपला हात पोटावर ठेवून दाखवला. “लहानपणी डॉक्टर सुई घेऊन आले की दंडावर धरायचीस, तसा. मग मी कशी भरू?”

मला तो हात आठवेना. आजही आठवत नाही. पण आईनं तो बघितला होता. आणि त्या हातावरून तिनं पोरीचं ठरलेलं लग्न घालवलं, आळीत हसं करून घेतलं. मी तिला जे बोलले होते ते तिनं ऐकून घेतलं. तेव्हा मला जी लाज वाटली, ती पाटावर बसून वाटलेल्या लाजेपेक्षा फार वेगळी होती. मी तिचे पाय चेपत बसले.

दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही करमाळ्याच्या गाडीत बसलो. आई खिडकीशी, मधे मंजू शेंगदाणे खात, कडेला मी, मांडीवर दोन्ही पोरं. नलू सामान घेऊन मागच्या बाकावर. पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी मघापासून वाकून वाकून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“जुळी का गं बाई?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “हो. जुळी. माझ्या लेकीची.” आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. माझ्या पोटातल्या पोरासाठी ही बाई भरल्या घरात बोलली होती आणि स्वतःच्या पोराला माझं म्हणून मोकळी झाली होती. तसं म्हणायला कुणी शिकवलं होतं तिला? मीच की!

“नाही हो मावशी,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, पुढची चार डोकी वळली. “ही माझी मुलगी. हा माझा भाऊ. आणि ही आमची आई.” मी त्याला उचललं आणि आईच्या मांडीवर दिलं.

“अगं हळू!” आईनं पदर तोंडापर्यंत ओढला. “सगळी गाडी ऐकतीय.”

“ऐकू दे.”

म्हातारीनं मान लांब करून पोराकडे बघितलं, मग आईकडे, पुन्हा पोराकडे. “आईवर गेलाय गं,” ती म्हणाली.

आई पदराआडून पोराकडे बघत होती. मग तिनं पदर जरा मागे घेतला.

“नाही,” ती त्या म्हातारीला म्हणाली, “नाक ह्यांचं आहे.”